‘बरं आहे’ म्हणजे नक्की किती बरं? गुडघेदुखीच्या मोजमापाचा भीमाकाठचा इतिहास



आरोग्यविषयक पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : ‘सदर अभ्यासासाठी प्रमाणित साधन वापरण्यात येईल व त्याची विश्वसनीयता ०.९० हून अधिक आहे.’ समितीसमोर हे वाक्य वाचलं जातं, सगळे माना डोलावतात आणि गाडी नमुना निवडीकडे वळते. आज मला तुम्हाला याच वाक्यापाशी थोडं थांबवायचं आहे. हे ०.९० आलं कुठून? ते कुणाचं? परदेशातल्या रुग्णालयात, हातांच्या खुर्चीवरून उठणाऱ्या आजोबांवर ठरलेला आकडा शिरूर तालुक्यातल्या, आयुष्यभर जमिनीवर बसून भाकरी थापलेल्या आजींना जसाच्या तसा लावता येतो का?

माझं काम उतारवयातल्या सांध्यांच्या झिजेवर, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसवर आहे. हा आजार असलेल्या ज्येष्ठांची चाल, उठबस आणि तब्येत मोजायची, तर ती मोजणी कितपत भरवशाची, हा माझा रोजचा प्रश्न. संदर्भ शोधायला बसलं की आपण सवयीनं परदेशी जर्नल्स उघडतो. पण या प्रश्नाला भिडणारी दोन मोठी कामं आपल्या पुणे जिल्ह्यातच झालेली आहेत. एक शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकच्या आरोग्य केंद्राभोवती, आणि दुसरं दौंड ओलांडून सोलापूरकडे निघालं की लागणाऱ्या भिगवणला. भिगवण कागदोपत्री इंदापूर तालुक्यात येतं, पण ते दौंडच्या शेजारचंच गाव. दोन्ही ठिकाणं भीमेच्या काठची. त्यामुळे शिरूर-दौंड पट्ट्यात ज्येष्ठांचे गुडघे मोजायला निघालेल्या विद्यार्थ्यानं हा इतिहास आधी वाचायला हवा, असं मला वाटतं. तो इथे सांगतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ

विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द परीक्षेत पाठ केलेले असतात, पण प्रत्यक्षात त्यांची गल्लत फार होते. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर गेली. तीच ट्रॉली तीनदा चढवली आणि तिन्ही वेळा तेवढंच वजन आलं, तर काटा विश्वसनीय आहे. पण तो प्रत्येक वेळी पाचशे किलो कमी दाखवत असेल, तर शेतकरी काय म्हणेल? काटा मारलाय! म्हणजे काटा विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणं ही एक गोष्ट आणि ते उत्तर खरं असणं ही दुसरी.

गुडघ्याच्या बाबतीत मात्र मामला आणखी अवघड आहे. ट्रॉलीतला ऊस दोन वजनांच्या मध्ये बदलत नाही. माणूस बदलतो. सकाळी उठल्यावर आखडलेला गुडघा दहा वाजता मोकळा झालेला असतो. पहिल्यांदा चाचणी देताना बिचकलेली आजी दुसऱ्यांदा सराईतपणे चालते, आणि चौथ्यांदा दमते. म्हणजे दोन मोजण्यांत जो फरक दिसला, तो घड्याळाचा, मोजणाऱ्याचा, की खरोखर गुडघ्याचा? विश्वसनीयतेचा सगळा अभ्यास म्हणजे हा फरक वाटून घेण्याचा खटाटोप.

या खटाटोपाला शंभरहून अधिक वर्षं झाली. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९०४ मध्ये दाखवून दिलं की मोजमापातल्या चुकांमुळे दोन गोष्टींमधला खरा संबंध आकड्यांत फिका पडतो. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात वर्गांतर्गत सहसंबंधाची, म्हणजे आपण ज्याला आयसीसी म्हणतो त्याची, मांडणी केली. श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये सांगितलं की आयसीसी एकच नसतो, त्याचे वेगवेगळे प्रकार असतात आणि कोणता वापरला हे लिहिलंच पाहिजे. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये बजावलं की दोन मोजण्यांत सहसंबंध चांगला आहे म्हणून त्या जुळतात असं होत नाही. एक काटा नेहमी पाचशे किलो कमी दाखवत असला, तरी दोन काट्यांचा सहसंबंध पूर्ण एक येऊ शकतो. काटा मारणाऱ्याला सहसंबंध पकडत नाही!

एक्स-रे, प्रश्नावली आणि खुर्ची

आता गुडघ्याकडे येऊ. झिजेची मोजणी आधी एक्स-रेवर सुरू झाली. जोनास केल्ग्रेन आणि जॉन लॉरेन्स या ब्रिटिश संधिवाततज्ज्ञांनी १९५७ मध्ये शून्य ते चार अशी प्रतवारी दिली. आजही ऑर्थोपेडिकच्या रिपोर्टवर ‘ग्रेड थ्री’ लिहिलेलं असतं, ते हेच. त्या निबंधात त्यांनी आपलीच परीक्षा घेतली होती. तेच एक्स-रे दोघांनी स्वतंत्रपणे वाचले आणि पुन्हाही वाचून पाहिले. गुडघ्याच्या बाबतीत दोघांचं बऱ्यापैकी जुळलं, मनगटाच्या बाबतीत फारच कमी. म्हणजे तीच पद्धत, तेच डॉक्टर, पण सांधा बदलला की भरवसा बदलला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पण एक्स-रेची एक अडचण लवकरच स्पष्ट झाली. फोटोत भरपूर झीज दिसते आणि माणूस मजेत चालतो. फोटोत फारसं काही नाही आणि बाई जिना चढताना कळवळते. दुखणं फोटोत मावत नाही. मग माणसालाच विचारायचं ठरलं. निकोलस बेलामी यांनी १९८२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी एक निर्देशांक तयार केला. १९८८ मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध झाली आणि तो ‘वोमॅक’ नावानं जगभर गेला. पदव्युत्तर प्रबंधातून एवढी मोठी गोष्ट निघू शकते, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतोय. त्यात २४ प्रश्न आहेत : ५ वेदनेचे, २ आखडण्याचे आणि १७ दैनंदिन हालचालींचे.

या १७ मध्ये काय काय येतं बघा. मोजे घालणं. मोटारीत बसणं-उतरणं. बाथटबमध्ये उतरणं आणि बाहेर येणं. आता हे प्रश्न दौंड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या आजींना विचारा. मोजे त्या घालत नाहीत, बाथटब त्यांनी पाहिलेला नाही, आणि प्रवास एसटीनं किंवा नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून. त्या तुमचा मान ठेवून काहीतरी उत्तर देतील. आठवड्यानं परत विचारलं तर पुन्हा तेच उत्तर देतील. विश्वसनीयता छान येईल. पण मोजलं काय?

तिसरा मार्ग म्हणजे विचारण्याऐवजी प्रत्यक्ष करायला लावणं. मथायस, नायक आणि आयझॅक्स यांनी १९८६ मध्ये ‘उठा आणि चाला’ अशी एक साधी चाचणी मांडली. खुर्चीवरून उठायचं, थोडं चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बघणाऱ्यानं एक ते पाच गुण द्यायचे. मात्र गुण देणाऱ्यांचं मधल्या गुणांवर एकमत होईना. १९९१ मध्ये मॉन्ट्रियलच्या पॉडसिआड्लो आणि रिचर्डसन यांनी गुण काढून टाकले आणि तिथे घड्याळ आणलं. अंतर ३ मीटर. हात असलेली खुर्ची, तिची उंची सुमारे ४६ सेंटिमीटर. त्यांनी ६० वृद्ध रुग्णांवर ही चाचणी करून पाहिली आणि मोजणारे बदलले तरी वेळ छान जुळली. हीच आपली ‘टाइम्ड अप अँड गो’, म्हणजे टीयूजी. आज फिजिओथेरपीचा प्रत्येक विद्यार्थी ती करतो.

घड्याळ आल्यामुळे मोजणाऱ्याच्या मताला जागा उरली नाही, ही खरी प्रगती. पण खुर्ची तशीच राहिली. खुर्चीवरून उठणं हा त्या समाजातला रोजचा व्यवहार होता. आपल्याकडे गुडघ्याची खरी परीक्षा पाटावरून उठताना होते. मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, निंदणी-खुरपणी, शौचाला बसणं, देवळात टेकणं. यातलं एकही टीयूजीत नाही. शिवाय ४६ सेंटिमीटर उंचीची, हात असलेली, न सरकणारी खुर्ची गावात शोधायला निघालात तर मिळते ती प्लॅस्टिकची, शेणानं सारवलेल्या जमिनीवर डुगडुगणारी. चाचणी तीच म्हणायची, पण ती तीच राहिलेली नसते.

भिगवण : १९९६

आता भिगवणला जाऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना सरळ होती. विकसनशील देशांत संधिवाताचा खरा भार किती आहे, हे दवाखान्यात बसून कळणार नाही, कारण दवाखान्यात सगळे येतच नाहीत. म्हणून गावात जायचं, घरोघर विचारायचं, आणि महागड्या तपासण्यांऐवजी माणसाच्या सांगण्यापासून सुरुवात करायची. भारतातलं पहिलं कॉपकॉर्ड सर्वेक्षण १९९६ मध्ये भिगवणला सुरू झालं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा हे त्याचे प्रमुख.

पद्धत तीन टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन प्राथमिक प्रश्न विचारत : कुठं दुखतं का, सूज येते का, आखडतं का. ज्यांचं उत्तर ‘हो’, त्यांची दुसऱ्या टप्प्यात सविस्तर प्रश्नावली. तिच्यात माणसाच्या शरीराचं एक चित्र असतं, त्यावर दुखऱ्या जागा दाखवायच्या. आणि तिसऱ्या टप्प्यात संधिवाततज्ज्ञ स्वतः तपासणार. एकूण ४,०९२ प्रौढांची माहिती जमली. त्यातल्या साधारण १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. ऑस्टिओआर्थ्रायटिसचं प्रमाण ५.८ टक्क्यांच्या आसपास निघालं, तर ज्याला आपण आमवात म्हणतो तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अर्धा टक्का.

आकडे परीक्षेपुरते लक्षात ठेवा, पण पद्धतीकडे जास्त लक्ष द्या. त्या शरीराच्या चित्राचंच बघा. ‘तुमच्या कोणत्या सांध्यात वेदना आहे?’ असं विचारलं तर अर्धे लोक ‘सांधा’ या शब्दाशीच अडतात. कुणी ‘वाटीत’ म्हणतं, कुणी ‘लवणीत’, कुणी नुसतं ‘पाय धरतात’ म्हणतं. चित्रावर बोट ठेवायला भाषा लागत नाही. आणि कार्यकर्त्यानं नोंदवलेल्या दुखण्यावर पुढे तज्ज्ञांची तपासणी होत असल्यामुळे, सांगितलेलं आणि तपासून सापडलेलं शेजारी-शेजारी ठेवता येत होतं. विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन्हींची सोय पद्धतीच्या पोटातच केलेली होती.

याच केंद्रानं पुढे वोमॅकची भारतीय राहणीला धरून बदललेली आवृत्ती वापरात आणली. देशभरातल्या प्रबंधांत ‘वोमॅक, सीआरडी पुणे आवृत्ती’ असा उल्लेख तुम्हाला दिसेल, तो हाच. तिचं महत्त्व फक्त भाषांतरापुरतं नाही. २०१३ मध्ये ‘ऱ्हुमॅटॉलॉजी’ या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक औषधं, ग्लुकोसामिन आणि सेलेकॉक्सिब यांची तुलना झाली. औषध चाललं की नाही हे ठरवायला गुडघ्यावर भार घेताना होणारी वेदना आणि बदललेला वोमॅक हेच मुख्य निकष होते. विचार करा, प्रश्नावलीतला एक प्रश्न रुग्णाला लागूच होत नसेल तर औषधाचा गुणही दिसणार नाही आणि दोषही. चुकीच्या प्रश्नाची किंमत शेवटी गोळी घेणारा माणूस मोजतो.

वढू : एका प्रश्नाची तपासणी

आता नदीनं वरच्या अंगाला या. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकारानं १९७२ मध्ये वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच लोकांना आरोग्याचं प्रशिक्षण देण्यावर त्यांचा भर होता. १९९३ मध्ये त्यांना लोकसेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच पायावर २००२ मध्ये वढूची लोकसंख्या व आरोग्य निरीक्षण यंत्रणा उभी राहिली. शिरूर आणि हवेली तालुक्यांतली २२ गावं तिच्यात आहेत. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर जाऊन ठरावीक काळानं नोंद. संशोधनाच्या भाषेत ही सोन्याची खाण, कारण आज विचारलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे इथे कळतं.

२००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ या ज्येष्ठांच्या अभ्यासाची छोटी प्रश्नावली आशिया-आफ्रिकेतल्या अशा आठ केंद्रांवर वापरली गेली. वढू त्यातलं एक. इथे ५० वर्षांवरच्या ५ हजारांहून जास्त लोकांना विचारलं गेलं. पहिला प्रश्न अगदी साधा : एकंदरीत आज तुमची तब्येत कशी आहे? खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. पुढे आठ अंगांनी प्रश्न : हालचाल, वेदना, झोप, स्मरण, दृष्टी, स्वतःची कामं, मनःस्थिती, लोकांशी संबंध.

शिरूरकडच्या माणसाला ‘तब्येत कशी आहे?’ विचारलं तर काय उत्तर येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘बरं आहे.’ लेक विचारायला आली तरी बरं आहे, पाहुणे आले तरी बरं आहे, आणि दोन्ही गुडघे सुजलेले असताना सर्व्हेवाला आला तरी बरं आहे. ‘वयोमानानं चालायचंच’ हे त्याला जोडून येणारं वाक्य. मग या उत्तराला संशोधनात काय किंमत द्यायची?

ही शंका फक्त आपली नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याकडे लक्ष वेधलं होतं. केरळमध्ये लोक जास्त जगतात, तरी आजारपण जास्त सांगतात. बिहारमध्ये आयुर्मान कमी, तरी तक्रारही कमी. दवाखाना जवळ असला, शिक्षण असलं, की माणूस आपलं दुखणं ओळखतो आणि सांगतो. जिथे उपचारच नाहीत तिथे दुखणं हे आयुष्याचा भाग होऊन जातं. फक्त सांगण्यावर विसंबलो तर सगळ्यात जास्त गरज असलेला माणूसच ‘निरोगी’ ठरायचा.

दुसऱ्या बाजूनेही पुरावा होता. १९८२ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबामध्ये मॉसी आणि शापिरो यांनी दाखवलं होतं की स्वतःच्या तब्येतीबद्दल वृद्धांनी दिलेलं एका शब्दाचं उत्तर पुढच्या मृत्यूचा अंदाज देतं. ते आपल्याकडे खरं ठरेल का? वढूत काम केलेल्या डॉ. सिद्धिविनायक हिरवे यांनी हाच प्रश्न पीएच.डी.साठी घेतला. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठानं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रबंधाचं शीर्षकच मुळी ‘एकंदरीत आज तुम्हाला कसं वाटतंय?’ असा अर्थ असलेलं आहे. त्यातला एक भाग २०१२ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’मध्ये आला. ज्यांनी तब्येत वाईट सांगितली होती, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे ‘बरं आहे’ हे पोकळ उत्तर नाही. बोलण्यात संकोच असला तरी माणूस आतून काहीतरी खरं सांगत असतो.

पण इथेच न थांबता दुसरा प्रश्न विचारला गेला : दोन माणसांचं ‘मध्यम’ सारखंच असतं का? हे तपासायला छोट्या काल्पनिक गोष्टींची युक्ती आहे. राजकीय सर्वेक्षणं आणि आरोग्य सर्वेक्षणं या दोन्हींसाठी गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ती सविस्तर मांडली. समजा मी तुम्हाला सांगितलं : ‘एका बाई सपाटीवर चालतात, पण जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात. त्यांना हालचालीचा त्रास कितपत आहे?’ एक आजी म्हणतील, ‘काहीच नाही, एवढं तर होतंच.’ दुसऱ्या म्हणतील, ‘फार त्रास आहे बाई तिला.’ गोष्ट एकच, मापं दोन. आता या दोघींनी स्वतःबद्दल ‘थोडा त्रास’ असं सांगितलं, तर त्या दोन ‘थोडा’चा अर्थ वेगळा आहे हे आपल्याला कळतं आणि तसा हिशोब करता येतो.

ही युक्तीसुद्धा दोन गृहीतकांवर उभी आहे. माणूस स्वतःला आणि गोष्टीतल्या व्यक्तीला एकाच मापानं मोजतो, आणि गोष्ट सगळ्यांना सारखीच समजते. हिरवे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आठही केंद्रांच्या माहितीवर ही गृहीतकंच तपासायला घेतली. मला या कामातलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच वाटतं. साधन वापरलं, मग त्या साधनावर शंका घेतली, मग ती शंका सोडवणाऱ्या साधनावरही शंका घेतली.

आकडा साधनाचा नसतो

आता पुन्हा त्या ०.९० कडे. एक छोटं गणित करू. आकडे समजण्यासाठी मनाने घेतलेले आहेत, कुठल्याही अभ्यासातले नाहीत.

समजा टीयूजी चाचणीत मोजणीची चूक १.२ सेकंद आहे. म्हणजे त्याच माणसाला पुन्हा मोजलं तर साधारण एवढा इकडंतिकडं फरक पडतो. आता पहिल्या गटात सगळ्या प्रकारचे ज्येष्ठ घेतले : तुरुतुरु चालणारे, काठी टेकणारे, भिंत धरून उठणारे. या गटातलं प्रमाण विचलन ४ सेकंद. चुकीचा वर्ग १.४४, विचलनाचा वर्ग १६. आयसीसी साधारण १ वजा १.४४ भागिले १६, म्हणजे ०.९१. उत्तम!

दुसऱ्या गटात फक्त एकसारखे रुग्ण घेतले. सगळ्यांचा एक्स-रे ग्रेड सारखा, वय सारखं, सगळे बिनकाठीचे. प्रमाण विचलन २ सेकंद. घड्याळ तेच, मोजणारा तोच, चूक तीच १.२ सेकंद. आता १ वजा १.४४ भागिले ४, म्हणजे ०.६४. परीक्षक विचारणार, ‘विश्वसनीयता इतकी कमी का?’

काय बदललं? साधन नाही. माणसं बदलली. आयसीसी सांगतो की माणसामाणसांतल्या फरकाच्या तुलनेत मोजणीची चूक किती लहान आहे. म्हणून तो आकडा साधनाच्या डब्यावर छापलेला गुणधर्म नाही. तो एका गटाचा, एका ठिकाणचा, एका मोजणाऱ्याचा, एका दिवसाचा आहे. केल्ग्रेन-लॉरेन्सच्या मनगट आणि गुडघ्याची आठवण ठेवायला सांगितलं होतं, ती यासाठीच. मॉन्ट्रियलचा आकडा सिनॉप्सिसमध्ये चिकटवून भागत नाही. तुमच्या गटातला आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

आणखी एक पायरी. १.२ सेकंदांच्या चुकीवरून किती बदल खरा मानायचा हेही निघतं. १.९६ गुणिले २ चं वर्गमूळ गुणिले १.२, म्हणजे साधारण ३.३ सेकंद. समजा तुम्ही तीन महिने व्यायाम दिला आणि एका आजींची वेळ २ सेकंदांनी कमी झाली. आनंद आहे, पण त्या एकट्या आजींबद्दल ‘सुधारणा झाली’ असं छातीठोकपणे लिहिता येणार नाही. तेवढा फरक नुसत्या पुन्हा मोजण्यानंही पडू शकतो. गटाच्या सरासरीबद्दल बोलायचं तर गणित वेगळं, पण दवाखान्यात समोर बसते ती सरासरी नसते, आजी असते. तिला ‘तुमचं सुधारलंय’ सांगून औषध बंद करायचं की नाही, हे या ३.३ वर ठरतं.

मग फील्डवर जाताना काय करायचं?

पहिलं म्हणजे प्रायोगिक चाचणी टाळू नका. मुख्य अभ्यासाच्या आधी त्याच गावातल्या, त्याच प्रकारच्या काही ज्येष्ठांना दोनदा मोजा. मधलं अंतर विचार करून ठेवा. दुसऱ्याच दिवशी गेलात तर पाय आधीच दुखावलेले असतील आणि प्रश्नावलीची उत्तरंही आठवत असतील. महिन्यानं गेलात तर आजारच बदललेला असेल. बऱ्याच अभ्यासांत एक ते दोन आठवडे ठेवतात, पण मध्ये कांदा काढणी, जत्रा किंवा घरातलं लग्न आलं तर ते दोन आठवडे सारखे राहत नाहीत. गावचं कॅलेंडर तुमच्या गँट चार्टपेक्षा वरचढ असतं.

दुसरं, चाचणीची परिस्थिती लिहून ठेवा. खुर्ची स्वतःची न्या, तिची उंची मोजा. जमीन फरशीची की मातीची, पायात वहाणा होत्या की अनवाणी, नऊवारी की गाऊन, हातात काठी होती का, वेळ सकाळची की दुपारची, गोळी घेऊन किती वेळ झाला, उपवास होता का. दुसऱ्या वेळी हे सगळं शक्य तितकं सारखं ठेवा. मोजणारे दोघं असतील तर दोघांनी एकच माणूस एकाच वेळी वेगवेगळ्या घड्याळांवर मोजून पाहा, आणि एकमेकांचे आकडे पाहू नका.

तिसरं, भाषा. ‘स्टिफनेस’ला पुस्तकात ताठरता लिहितात, पण माणसं ‘आखडतं’ म्हणतात. ‘पेन’ एकच, आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. ‘मॉडरेट’साठी ‘मध्यम’ लिहिलं की उत्तर देणारा गोंधळतो. ‘थोडं, बरंच, लई’ त्याला लगेच कळतं. भाषांतर करून ते दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत करून घेणं ही पद्धत पाळाच, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. उलट भाषांतरात ‘ताठरता’ अगदी बिनचूक ‘स्टिफनेस’ होऊन परत येतो. तो आजींना कळला की नाही, हे आजींनाच ‘याचा अर्थ तुम्हाला काय वाटला?’ असं विचारल्याशिवाय समजत नाही.

चौथं, सांगणं आणि करणं ही दोन्ही मोजा. देशपातळीवर २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या ज्येष्ठांच्या अभ्यासात ७२ हजारांहून अधिक लोकांना प्रश्नही विचारले गेले आणि त्यांतल्या अनेकांची ४ मीटर चालवून वेळही घेतली गेली. दोन्हींचं जुळलं नाही तर घाबरू नका. आजी ‘बरं आहे’ म्हणतात आणि खुर्चीवरून उठायला तीनदा झोका घेतात, तेव्हा त्यातलं एक उत्तर चूक म्हणून खोडायचं नसतं. त्या दोन उत्तरांमधलं अंतर हाच अनेकदा तुमचा सापडलेला निष्कर्ष असतो.

आणि शेवटचं. कोणतीही तयार चाचणी घेण्याआधी ज्यांना मोजायचं त्यांना एक प्रश्न विचारा : ‘गुडघ्यामुळे काय करायचं सुटलं?’ कुणी सांगेल पंगतीत बसणं. कुणी सांगेल आळंदीपर्यंत पायी जाणं. कुणी खालच्या आवाजात सांगेल की शौचाला बसता येत नाही म्हणून लेकीकडे मुक्कामाला जाणंच सोडलं. ही उत्तरं तुमच्या चाचणीत कुठे बसतात का ते तपासा. बसत नसतील, तर मेथडॉलॉजीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहा आणि पाटावरून उठण्यासारखी एखादी हालचाल, तिची विश्वसनीयता स्वतः तपासून, जोडा. भिगवणच्या आणि वढूच्या लोकांनी आपापल्या वेळी हेच केलं. साधन बाहेरून आणलं, पण ते इथल्या माणसाला विचारून आणि इथल्या जमिनीवर तपासून घेतलं. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्यात ०.९० च्या पुढे ‘कुणामध्ये, कुठे, कुणी मोजल्यावर’ एवढे तीन शब्दसमूह आले, तरी समितीनं माना डोलावण्याआधी एकदा थांबून वाचलं असेल.